चक्रीवादळाचा इशारा आणि अर्धी उतरवलेली कौले : खानापूर तालुक्यातील घरासाठी सल्ला हवा

प्रश्न : जांबोटीकर (सध्या पुणे)

सप्रेम नमस्कार.

माझे आईवडील कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढच्या एका गावात राहतात. घर आजोबांच्या काळातले आहे; जोते जांभ्याचे, त्यावर मातीच्या जाड भिंती आणि वर मंगळुरी कौले. वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, आई एकोणसत्तरची असून तिला दिवसातून दोन वेळा इन्सुलिन घ्यावे लागते. गोठ्यात दोन गाई आणि एक वासरू आहे. दरवर्षीप्रमाणे यंदाही मे महिन्यात शाकारणीचे, म्हणजे पावसाआधी कौले उतरवून पुन्हा नीट बसवण्याचे, काम काढले आणि पूर्वेकडच्या पाख्याची (छपराच्या उताराची) कौले उतरवून अंगणात रचून झाली, तोच अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली. ते तीव्र होऊन गोव्यासमोरून उत्तरेकडे सरकेल असा अंदाज आहे. अजून तीन दिवस हातात आहेत, परंतु कामावरची माणसे लग्नासाठी गावाला गेली आहेत आणि ती परवा येतील.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा परसातल्या फणसाची फांदी गोठ्यावर पडली होती आणि गावात तीन दिवस वीज नव्हती. बोअरवेलचा पंप बंद पडल्यामुळे आईने पागोळ्यांखाली हंडे लावून पाणी धरले होते. या वेळी तशी पाळी येऊ नये, एवढीच इच्छा आहे.

माझ्या आत्तेबहिणीने अमेरिकेतून हरिकेनच्या तयारीची एक लांबलचक यादी पाठवली आहे. खिडक्यांना प्लायवूड ठोका, न्हाणीघरातला टब पाण्याने भरा, जनरेटर तपासा, समुद्राचे पाणी किती आत येईल ते नकाशावर पाहा, असे तीत बरेच काही आहे. मी ती फोनवरून वडिलांना वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘आपल्याकडे टब नाही आणि समुद्रही नाही, तेव्हा आपण निवांत झोपू.’’

या यादीतले आपल्या भागात नेमके काय घ्यावे आणि काय सोडावे, दोघांना घरातून हलवणे आवश्यक आहे का, आणि मोबाइलवर येणाऱ्या कानडी इशाऱ्यांचे काय करावे, याबद्दल जाणकारांनी सांगावे. दोघेही कानडी बोलतात, पण लिपी वाचता येत नाही. मी उद्या रात्रीच्या गाडीने निघत आहे.

उत्तर १ : गवंडीकाका, खानापूर

आपल्या पत्रातील एकाच गोष्टीने मला अस्वस्थ केले, ती म्हणजे पूर्वेचा उघडा पाखा. बाकीचे सगळे त्यानंतर.

पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून आपण तट्ट्या बांधतो त्या पश्चिमेच्या भिंतीला, आणि घराचा सारा बंदोबस्त त्याच बाजूला असतो. चक्रीवादळाचे तसे नसते. त्याचा वारा केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. केंद्र समुद्रात आणि आपण त्याच्या पूर्वेला असल्यामुळे तो आपल्यावर आधी पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून येतो, वादळ समोर आले की दक्षिणेकडून, आणि ते पुढे सरकले की नैर्ऋत्येकडून. म्हणजे पहिला मारा आपल्या उघड्या पाख्यावरच बसणार. तिथून आत शिरलेला वारा पश्चिमेच्या शाबूत पाख्याला खालून उचलतो, आणि मग जी बाजू आपण सुरक्षित समजत होतो तीच आधी जाते. तौक्तेच्या वेळी मी पाहिलेल्या घरांपैकी निम्म्यांची हीच कथा होती.

म्हणून कामावरची माणसे परवा येतील याची वाट पाहू नये. गावातली कोणतीही तीन धडधाकट माणसे उद्या सकाळी बोलवावीत आणि उतरवलेली कौले आहेत तशीच परत चढवावीत. शाकारणी नीट पुरी करण्याचा, फुटकी कौले बदलण्याचा, रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) नव्या घालण्याचा हट्ट आता धरू नये. थोडे गळले तर गळू द्यावे. वारा कौले उचलतो ती प्रामुख्याने तीन ठिकाणी : आढ्यावर, पागोळीच्या कडेला आणि कोपऱ्यांवर. मंगळुरी कौलाच्या पोटाशी तार ओवण्यासाठी भोक असलेला एक उंचवटा असतो. आपल्या लोकांना तो ठाऊक असतो, पण वापरत कोणी नाही. पागोळीकडच्या खालच्या दोन-तीन ओळी आणि कडेची कौले त्या भोकातून बाइंडिंगच्या तारेने रिपेला बांधून घ्यावीत. सगळे छप्पर बांधणे एका दिवसात होणार नाही आणि त्याची गरजही नाही.

कौले चढवणे जमलेच नाही तर ताडपत्री टाकावी लागेल, पण ताडपत्रीवर दगड ठेवून मोकळे होणे हा शुद्ध मूर्खपणा आहे. वारा ताडपत्रीचे शीड करतो आणि दगड घरात येतात. ती आढ्यावरून पलीकडच्या पाख्यावर निदान तीन-चार हात जाईल एवढी मोठी असावी, कडा रिपेभोवती गुंडाळून वरून दुसरी रिप ठोकावी, आणि दोऱ्या भिंतीला न बांधता जमिनीत पक्क्या पुरलेल्या खुंटांना बांधाव्यात. वाऱ्याचे झोत सुरू झाल्यावर मात्र कोणत्याही कारणाने कोणीही वर चढू नये, एक कौल सरकलेले दिसले तरी नाही.

आता भिंतींविषयी. मातीची भिंत वाऱ्याने सहसा पडत नाही. ती पाण्याने पडते, आणि तेही पाऊस चालू असतानाच पडेल असे नाही. पाणी मुरत जाते, बुडाची माती फुगते, आणि एक-दोन दिवसांनी, बहुधा रात्री, भिंत बसते. ६ ऑक्टोबर २०२१ रोजी बेळगाव तालुक्यातील बडाल अंकलगी येथे पावसाने भिजलेले घर कोसळून सात जणांचा जीव गेला, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. म्हणून घराभोवती हातभर खोल चर खणून पाणी जोत्यापासून दूर उताराला काढून द्यावे. हे काम छपराइतकेच महत्त्वाचे आहे आणि एका माणसाचे अर्ध्या दिवसाचे आहे. भिंतीचा गिलावा फुगलेला दिसला, कोपऱ्यात उभी भेग गेली, किंवा कालपर्यंत सहज लागणारे दार आज चौकटीत अडकू लागले, तर ती भिंतीची भाषा समजावी आणि त्या घरात झोपू नये.

माझे स्पष्ट मत असे आहे की, आपल्या आईवडिलांनी वादळाच्या आदल्या संध्याकाळी गावातल्याच एखाद्या स्लॅबच्या घरात जावे आणि पाऊस थांबल्यानंतरही दोन रात्री तिथेच काढाव्यात. बेळगावपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. घर बंद करताना वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची एक खिडकी किलकिली ठेवावी, म्हणजे घरातला दाब निघून जातो, असे आमचे जुने कारागीर सांगत.

उत्तर २ : टिळकवाडीच्या आजी

गवंडीकाकांचे छपराचे आणि भिंतीचे म्हणणे शब्दशः पाळावे. खिडकीचे मात्र पाळू नये. दाबाची ही समजूत अमेरिकेतही घरोघर होती आणि तिथल्या तज्ज्ञांनी ती चुकीची ठरवली आहे. उघड्या खिडकीतून वारा आत शिरतो आणि छपराला आतून रेटतो, म्हणजे काकांनी उघड्या पाख्याविषयी जे सांगितले तेच खिडकीलाही लागू होते. शिवाय वारा दिशा बदलणार असल्यामुळे विरुद्ध बाजू ही काही तासांनी विरुद्ध राहतच नाही. सर्व दारे-खिडक्या बंद करून आतून अडसर घालावेत.

मी हे अधिकाराने सांगण्याचे कारण असे की, २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात मी मुलीकडे फ्लोरिडात टाम्पाजवळ होते आणि ९ ऑक्टोबरच्या रात्री मिल्टन हे हरिकेन तिथल्या किनाऱ्यावर आले. हरिकेन आणि आपले चक्रीवादळ ही एकाच प्रकारची वादळे आहेत. अटलांटिकमध्ये वारा ताशी ११९ किलोमीटरला पोहोचला की तो शब्द लागतो, तर आपले हवामान खाते ताशी ६२ किलोमीटरलाच चक्रीवादळ म्हणते. तिथे किनाऱ्याजवळच्या प्रत्येक घराला एक अक्षर दिलेले असते आणि कोणत्या अक्षराच्या लोकांनी घर सोडायचे ते प्रशासन जाहीर करते. मुलीच्या घराचे अक्षर निघाले तेव्हा मला वाटले की आता शेकडो मैल पळायचे. प्रत्यक्षात आम्ही तासाभराच्या अंतरावर तिच्या मैत्रिणीच्या घरी गेलो. पाण्यापासून पळायचे आणि वाऱ्यापासून लपायचे, असे तिकडे म्हणतात. म्हणजे समुद्राचे पाणी चढेल तिथून उठायचे, आणि नुसता वारा असेल तर मजबूत घरात बसायचे.

आपल्या वडिलांचा विनोद मला आवडला, पण त्यातला अर्धाच भाग खरा आहे. आपण समुद्रापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहोत आणि मध्ये सह्याद्री उभा आहे. भरतीचे पाणी आपल्यापर्यंत येणार नाही, वाऱ्याचा जोरही जमिनीवर आणि डोंगरावर बराच मोडतो. परंतु तोच डोंगर ढगांना वर ढकलतो आणि पाऊस आपल्या अंगणात उतरवतो. मिल्टनच्या आधी दोनच आठवडे, २६ सप्टेंबर २०२४ रोजी, हेलीन हे हरिकेन फ्लोरिडाला धडकले आणि त्याचा सर्वांत भीषण तडाखा बसला तो समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या डोंगरात वसलेल्या अॅशव्हिल या गावाच्या परिसराला. त्या गावाची उंची साधारण साडेसहाशे मीटर, म्हणजे आपल्या बेळगावच्या जवळपास. तिथे नद्यांना पूर आले, कडे कोसळले, रस्ते वाहून गेले आणि नळाचे पाणी पिण्यायोग्य होण्यास जवळजवळ दोन महिने लागले. ‘आमच्याकडे कुठे समुद्र’ असे त्यांनाही वाटले असणार.

यादीतील टबाचा मुद्दा टबाचा नाहीच, साठवणीचा आहे. वीज गेली की आपल्या गावात बोअरवेल बंद आणि बोअरवेल बंद म्हणजे पाणी बंद, हे आपल्या आईंना तीन वर्षे भूगोल शिकवलेल्या माणसापेक्षा चांगले ठाऊक आहे. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला चार लिटर धरून चार दिवसांचे पाणी झाकणाच्या भांड्यात वेगळे ठेवावे आणि वापरायचे पाणी पिंपात, बंबात, बादल्यांत, मिळेल त्या भांड्यात भरावे. गाईंचे पाणी लोक विसरतात. एक गाय सहज पन्नास लिटर पिते. घराजवळ जुना आड असेल तर रहाट आणि दोर आजच तपासावा, आणि वादळानंतर त्या आडाचे पाणी खळखळून उकळल्याशिवाय कोणी पिऊ नये.

प्लायवूडची गरज आपल्या लाकडी झडपांच्या खिडक्यांना नाही. काचांवर फुली मारून चिकटपट्टी लावण्याचे फोटो फिरतात, त्याचा उपयोग शून्य. उलट काचेचे मोठे आणि धारदार तुकडे होतात. त्यापेक्षा अंगणातल्या कुंड्या, पत्र्याचे तुकडे, फावडी आणि ती रचलेली उरलेली कौले घरात किंवा पडवीत आडोशाला न्यावीत, कारण वाऱ्यात काच फुटते ती अशा उडालेल्या वस्तूंनी.

इन्सुलिनबद्दल घाबरू नये. बंद फ्रिज उघडला नाही तर साधारण चार तास थंड राहतो. त्यानंतर, वापरात असलेली कुपी बहुतेक प्रकारांत तीस अंशांच्या खाली चार आठवड्यांपर्यंत चालते, आणि पावसाच्या दिवसांत आपल्या भागात एवढे तापमान घराच्या सावलीत सहसा होत नाही. कोणता प्रकार आहे ते कुपीवरच्या सूचनेत आणि औषधाच्या दुकानात विचारून खात्री करावी. राखीव कुप्या प्लास्टिकच्या डबीत घट्ट बंद करून पाण्याच्या माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवाव्यात. बर्फात थेट ठेवू नयेत, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. दोन आठवड्यांची औषधे, सुया आणि रक्तातली साखर एकदम उतरल्यास खाण्याच्या साखरेच्या गोळ्या आजच घ्याव्यात. खाण्यासाठी कडक भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, चिरमुरे आणि गूळ असले म्हणजे तीन दिवस चूल पेटली नाही तरी चालते. (कुंदा, ही आपली बेळगावी मिठाई, घेऊन जाण्याचा मोह होईल, पण आईंना मधुमेह आहे हे लक्षात ठेवावे.)

प्रश्नकर्ता : जांबोटीकर

सर्वांचे मनापासून आभार. गावातल्या मामेभावाशी बोललो. तो आणि आणखी दोघे उद्या पहाटे कौले चढवायला येत आहेत, आणि त्याचे स्वतःचे घर स्लॅबचे आहे. अडचण वेगळीच निघाली. वडील म्हणतात, गाई इथे आणि मी तिथे असे होणार नाही. मामेभावाकडे गोठा नाही. शिवाय त्याने विचारले आहे की मित्राकडून छोटा जनरेटर आणून दोन्ही घरांना दिवे देता येतील का.

उत्तर ३ : निवृत्त लाइनमन, बेळगाव

जनरेटरचा बेत ऐकून लिहिल्यावाचून राहवले नाही. माझी तीस वर्षे खांबांवर गेली आहेत.

जनरेटरची तार घरातल्या एखाद्या प्लगमध्ये खोचून सगळ्या घराला वीज देण्याची पद्धत खेड्यांत सर्रास दिसते. चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी फक्त लाइनला किंवा फक्त जनरेटरला जोडणारा) नसेल तर ती वीज घरातून मागे वाहते, ट्रान्सफॉर्मरमधून उलटी जाऊन हजारो व्होल्टची होते, आणि लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेला माणूस मरतो. आमच्या एका सहकाऱ्याचा हात असाच गेला. म्हणून जनरेटर आणायचाच असेल तर त्याला फक्त स्वतंत्र वायरने दोन दिवे आणि फोन जोडावेत, घराच्या वायरिंगला तो लावू नये, आणि तो पडवीत किंवा गोठ्यात न ठेवता घरापासून निदान वीस फूट दूर, उघड्यावर आडोसा करून ठेवावा. त्याच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि बंद खोलीत झोपलेला माणूस सकाळी उठत नाही. मला विचाराल तर दोन चार्जिंगचे कंदील आणि एक पॉवर बँक एवढ्यावर तीन रात्री सहज निघतात.

वारा सुरू होण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा आणि वीज परत आल्यावर घर ओले नाही याची खात्री करूनच तो चालू करावा. पडलेली तार मेलेली आहे असे कधीही समजू नये. ती चिखलात पडली असेल तर आजूबाजूची ओली जमीनही जिवंत असू शकते; तिथून दूर राहावे, गुरांना तिकडे जाऊ देऊ नये आणि १९१२ वर फोन करून खांबाचा क्रमांक सांगावा. तो क्रमांक खांबावर रंगवलेला असतो. आपल्या घराजवळच्या दोन-तीन खांबांचे क्रमांक आजच कागदावर लिहून ठेवल्यास तक्रार नोंदवणाऱ्याचे आणि आपले दोघांचेही काम सोपे होते. फणसाच्या ज्या फांद्या तारांच्या जवळ आहेत त्या स्वतः तोडू नयेत, कळवाव्यात. ज्या गोठ्यावर आल्या आहेत त्या उद्याच उतरवाव्यात.

शेतातल्या पंपाचा स्टार्टर भिजला असेल का, हे पाहायला भर पावसात जाणाऱ्या वडीलधाऱ्यांना कृपया अडवावे. दर पावसाळ्यात त्या पेटीपाशी कोणीतरी जाते.

उत्तर ४ : कृष्णाकाठचा, चिकोडी तालुका

गुरांबद्दल मी सांगतो, कारण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही माणसांआधी गुरे हलवली होती आणि त्याचा पश्चात्ताप कधी झाला नाही. आपल्या वडिलांची गोष्ट मला पूर्ण समजते. वर्षानुवर्षे दूध दिलेल्या घरातल्या जनावराला बांधून आपण स्लॅबखाली झोपणे कोणत्याही शेतकऱ्याला जमत नाही, आणि अशा माणसाला जबरदस्तीने नेले तर तो मध्यरात्री वादळात परत गोठ्याकडे जातो. हा धोका भिंतीपेक्षा मोठा आहे. तेव्हा आधी गाईंची सोय, मग वडील आपोआप येतील.

गोठा फणसाखाली असेल तर तो रिकामाच करावा. शेजारी कोणाची पक्की पडवी, भाताचे रिकामे कोठार, शाळेचा व्हरांडा, जे मिळेल तिथे आदल्या दिवशी उजेडात गाई न्याव्यात, म्हणजे नव्या जागेला त्या रात्रीपर्यंत रुळतात. वासरू आधी न्यावे. गाय त्याच्या मागे येते. कडबा किंवा गवत तीन दिवसांचे ताडपत्रीत गुंडाळून सोबत ठेवावे. सोयच झाली नाही तर शेवटचा उपाय म्हणून दावी सोडून द्यावीत, फाटक उघडे ठेवावे. मोकळे जनावर स्वतःची वाट शोधते. आमच्याकडे २०१९ ला मेली ती जवळपास सगळी दावणीला बांधलेली होती. झाडाखाली मात्र बांधू नये, कारण मे महिन्यात वाऱ्याबरोबर विजाही असतात.

आपला प्रश्न वाऱ्याचा आहे आणि आमचा नेहमीचा प्रश्न नदीचा, तेव्हा दोन्हींत गल्लत होऊ नये. मे महिन्यात धरणे रिकामी आणि नद्या आटलेल्या असतात. एका वादळाच्या पावसाने कृष्णेला पूर येत नाही. आमच्याकडे पाणी येते ते जुलै-ऑगस्टमध्ये, आणि पुष्कळदा आमच्या डोक्यावर ऊन असताना. कोयना, राधानगरी, काळम्मावाडी येथून सोडलेले पाणी पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा यांना घेऊन कृष्णेतून आमच्या दारात उतरते. त्यासाठी आम्ही कृष्णेवरील राजापूर बंधाऱ्याचा विसर्ग रोज पाहतो आणि २०१९ च्या पुराची रेघ भिंतीवर तेलाच्या रंगाने मारून ठेवली आहे. आपल्याकडे मात्र ओढे काही तासांत भरतात आणि काही तासांत उतरतात. गुडघ्याच्या खालचे, वीतभर वाहते पाणीही माणसाचे पाय काढते आणि हातभर पाणी लहान मोटार ढकलते, म्हणून जांबोटी किंवा चोर्ल्याच्या रस्त्यावर मोरीवरून पाणी जात असेल तर तिथेच थांबावे. आपण स्वतः पुण्याहून येत आहात, म्हणून मुद्दाम लिहिले.

आणखी एक. आपल्याकडे मराठी वाहिन्या लावल्या की नकाशा कोल्हापूर-सिंधुदुर्गापाशी संपतो आणि आपला जिल्हा कोऱ्या जागेत पडतो. हवामान खात्याच्या विभागणीत बेळगाव ‘उत्तर अंतर्गत कर्नाटक’ या नावाखाली येते आणि अंदाज बेंगळूरुहून निघतो, तो पाहावा. त्याशिवाय पणजीच्या रडारचे चित्र पाहावे, कारण आपल्यावर येणारे ढग त्याला आधी दिसतात. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक पावसाला ते अत्यंत मुसळधार म्हणतात. कणकुंबी-जांबोटीच्या माणसाला पावसाळ्यात त्या आकड्याचे फारसे कौतुक नसते, पण अर्धे छप्पर उघडे असताना तो वेगळा लागतो.

उत्तर ५ : दोन्ही भाषांत वाढलेली, वडगाव

कानडी इशाऱ्यांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात. बोलता येत असेल तर अर्धे काम झालेलेच आहे. संदेश आल्यावर फोनमधील वाचून दाखवण्याची सोय वापरावी किंवा शाळेत जाणाऱ्या शेजारच्या मुलाकडून वाचून घ्यावा. पण रात्री कोणी जवळ नसेल तर उपयोग व्हावा म्हणून मी माझ्या आजीला एका पुठ्ठ्यावर काही शब्द कानडीत मोठ्या अक्षरांत आणि खाली देवनागरीत लिहून दिले होते : चंडमारुत म्हणजे चक्रीवादळ, एच्चरिके म्हणजे इशारा, भारी मळे म्हणजे जोराचा पाऊस, गाळी म्हणजे वारा, सिडिलु म्हणजे वीज पडणे. यांत एक शब्द फसवा आहे. कानडीत ‘प्रवाह’ म्हणजे पूर. आमच्या आजीने तो शब्द ऐकून ‘पाण्याला ओढ आहे म्हणतात’ एवढाच अर्थ घेतला होता आणि ती नाल्याकाठच्या शेतात निघाली होती. आणि सरकारी निवाऱ्याला इकडे ‘काळजी केंद्र’ म्हणतात. तो शब्द मात्र कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.

तातडीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक त्याच पुठ्ठ्यावर लिहावेत. फोन लागत नसेल तर साधा एसएमएस पाठवावा. गर्दीत आणि कमी रेंजमध्ये तो पुष्कळदा निघून जातो. घराचे, छपराचे आणि गोठ्याचे चारही बाजूंनी आजच फोटो काढून आपल्याकडे पुण्याला पाठवून ठेवावेत, म्हणजे नुकसान झालेच तर पंचनाम्याच्या वेळी आधी काय होते हे दाखवता येते. रेशन कार्ड, आधार, शेताचा उतारा आणि बँकेचे पुस्तक दुहेरी प्लास्टिक पिशवीत घालून आईंच्या औषधांच्या डब्याबरोबरच ठेवावे.

प्रश्नकर्ता : जांबोटीकर

आज सकाळी घरी पोहोचलो. काल दिवसभरात पूर्वेचा पाखा झाकून झाला. पागोळीच्या दोन ओळी आणि कडा तारेने बांधल्या, मधली कौले तशीच आहेत. काकांनी सांगितलेले भोक खरोखरच प्रत्येक कौलाला निघाले, आणि पन्नास वर्षे या घरात राहिलेल्या वडिलांनी ते पहिल्यांदा पाहिले. चर खणताना उत्तरेच्या भिंतीच्या बुडाशी घुशीचे बीळ सापडले, ते दगड-मातीने बुजवले. फणसाच्या दोन फांद्या उतरवल्या. जनरेटर आणला नाही.

गाईंना ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीच्या व्हरांड्यात ठेवण्याची परवानगी मिळाली. तिथून मामेभावाचे घर दिसते, या एका अटीवर वडील तयार झाले आहेत. वासराला पुढे घालून ते आत्ताच गाई घेऊन निघाले. आईने कानडी शब्दांचा पुठ्ठा देवघराशेजारी दिनदर्शिकेच्या खिळ्याला टांगला होता. तो काढून औषधांच्या पिशवीत घातला आहे. वारा अजून पडलेलाच आहे, पण तो पूर्वेकडून येतो आहे.

उत्तरेच्या भिंतीबद्दल गवंडीकाकांना एक विचारायचे राहिले : बुजवलेल्या बिळाच्या वर हातभर लांबीची आडवी भेग आहे, उभी नाही. तिला आतून लाकडी टेकू द्यावा की हात न लावता सोडावी?

गवंडीकाका, खानापूर

हात लावू नये. आडव्या भेगेचा अर्थ बूड बसत आहे. टेकूने वरचा भाग धरला जातो आणि खालचा सुटतो. त्या भिंतीलगतचे सामान बाहेर काढावे, तिच्या दोन्ही बाजूंना भिंतीच्या उंचीएवढ्या अंतरात कोणी जाऊ नये, आणि पाऊस थांबून दोन दिवस ऊन पडल्यावर मला फोटो पाठवावा.